सुतकात हसू आलं तर?

नमस्कार. घरातलं माणूस जाऊन आठ-दहा दिवस झालेत. भेटायला आलेलं कुणीतरी म्हणतं, "अण्णा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे!" सगळे हसतात. पुढच्याच क्षणी माना खाली. आपण हसलोच कसे?

ही टोचणी मनातून काढून टाका.

डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली जोडीदार गमावलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूला साधारण 6 महिने झाले होते. गेलेल्या माणसाविषयी बोलताना जे मनापासून हसले, त्यांची तगमग कमी दिसली. हसल्यामुळेच ती कमी झाली, असं यातून सिद्ध होत नाही. पण शोकात हसू येणं विचित्र नाही, हे नक्की. मनापासूनचं हसू ओळखायचं ते (डोळ्याच्या कडेला बोट लावून) इथे. डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, सुरकुत्या पडतात. नुसते ओठ ताणले की हे होत नाही.

मग करायचं काय? विश्वासातलं एक माणूस, दोन कप चहा, दहा-पंधरा मिनिटं. आधी दुखतंय ते सरळ बोला: "सकाळी दारात त्यांची चप्पल दिसली आणि पोटात कालवलं." हे गिळून थेट गमतीवर गेलात, तर हसणं नुसतं झाकण होतं. मग त्यांची एखादी सवय सांगा, बारकाव्यांसकट. "फार विनोदी होते हो" म्हटल्याने हसू येत नाही. गॅस बंद केलाय का बघायला ते जिन्यातून तीनदा परत यायचे, हे सांगितलं की येतं. हसता हसता रडू फुटलं तर फुटू द्या. ऐकणाऱ्याने तेव्हा विषय बदलू नये, पाणी आणायलाही उठू नये.

सांत्वनाला गेलेल्यांनी पहिली गंमत स्वतः काढू नये. तो मान घरच्यांचा.

एका हसण्यापासून मात्र जपा. "मी काय, टाकून द्यायच्याच लायकीचा," असं म्हणत लोकांना हसवणं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी विनोदाचे चार प्रकार मांडले. त्यातला स्वतःला खाली पाडणारा प्रकार नैराश्याशी जोडलेला आढळतो. पारख सोपी आहे: माणसं निघून गेल्यावर हलकं वाटतं, की आणखी एकटं?

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 लावा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे. फोन मोफत, 24 तास, मराठीतही बोलता येतं.