ड्रायर तापंना

नमस्कार श्रोतेहो. दुरुस्तीच्या दुकानात १६ सप्टेंबरच्या संध्याकाळी फोन हमखास वाजतो. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, बाहेर भुरभुर आणि लेकराचा शाळेचा ड्रेस ओलाच. मागं एकदा एक ताई म्हणाल्या, "भाऊ, मशिनचा ड्रायर फिरायला फिरतो, पण तापंना. कामून?"

मी विचारलं, मशीन दोन टबांची आहे का? हो म्हणाल्या. मग ताई, त्यात तापायला काही नसतंच! तो टब मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो आणि कपड्यातलं पाणी बाहेर फेकतो. नाव ड्रायर, काम पिळायचं.

गरम हवेचा खरा ड्रायर वेगळा. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हात तो कोण घेतो, असं वाटेल. पण लॉज, दवाखाने, वसतिगृहं आणि दोरी बांधायला गॅलरी नसलेली फ्लॅटमधली माणसं घेतात. आठ महिने त्याच्यावर उशा-गाद्या रचलेल्या असतात. श्रावण लागला की त्याची आठवण होते, आणि नेमका तेव्हाच तो तापत नाही.

आधी बटण बघा. थंड हवेवर राहिलेलं असतं, लाजायचं कारण नाही. शिवाय शेवटची काही मिनिटं ड्रायर मुद्दाम गार हवा सोडतो. तेव्हा हात लावून बिघाड ठरवू नका.

मग लाईट. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की कित्येक ठिकाणी व्होल्टेज बसतं. ड्रायरची हवा तापवणारी कॉइल २३० व्होल्टवर २००० वॅट देत असली, तर १८० व्होल्टवर १२२५ वॅटच देते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटते. ड्रम फिरतो, दिवा लागतो आणि कपडे मात्र दमटच. यात मशीनचा काय दोष? तोच ड्रायर रात्री उशिरा लावून बघा. आणि हो, २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. मोबाईलच्या चार्जरसाठी आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर तो चालवू नका, पिना जळून काळ्या होतात. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा.

आता हवेची वाट. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक ड्रायरचं दुखणं इथंच असतं. टॉवेल, चादरी फिरताना कापसाची बारीक लव सुटते आणि जाळीत अडकते. ती जाळी दर खेपेला साफ करायची असते. दर महिन्याला नव्हे, दर खेपेला. जाळी तुंबली की गरम हवा पुढं सरकत नाही, हीटरभोवतीच कोंडते. मग थर्मल फ्यूज उडतो आणि कॉइल बंद पडते. थर्मल फ्यूज म्हणजे ठरावीक तापमानाला तुटणारा छोटासा भाग. तो एकदा तुटला की परत जुळत नाही, नवाच बसवावा लागतो.

एका लॉजवरचा ड्रायर माझ्याकडं आला. मी फ्यूज बदलला, तापला, पैसे घेतले. पंधरा दिवसांनी परत तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा मात्र माझीच मला लाज वाटली आणि मी लॉजच्या भिंतीमागं जाऊन हवेच्या पाइपचं तोंड बघितलं. उंदीर-पाली शिरू नयेत म्हणून मालकांनी त्यावर डासाची जाळी बांधली होती. कापसानं ती गादीसारखी भरली होती. जाळी काढून फेकली, पाइप झटकला आणि तिसरा फ्यूज अजून टिकून आहे. पाइपच्या तोंडाशी हात धरला की कळतं. हवा जोरात यायला पाहिजे. नुसतीच ऊब आली आणि जोर नसला, तर वाट अडली आहे.

एवढं करून तापला नाही तर मल्टीमीटर, म्हणजे तार जुळलेली आहे का तुटलेली, ते दाखवणारं मीटर. प्लग काढून ठेवा, नंतरच मागचं झाकण उघडा. कॉइलच्या तारा सोडवून दोन टोकांवर मीटर लावलं तर २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली. फ्यूजवर बीप वाजला पाहिजे, नाही वाजला तर तो गेला. टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, तो फसवतो.

एक मात्र ऐकून ठेवा. कुणी मिस्तरी म्हणाला, "फ्यूज कशाला आणता, डायरेक्ट करून देतो," तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कापसाला ठिणगी लागली की काय होतं, हे जिनिंगवाल्या गावात मी सांगायला नको. ड्रायरमध्ये कापूस असतोच, आणि फ्यूज डायरेक्ट केला, म्हणजे तो काढून तारा थेट जोडल्या, की आच थांबवणारी शेवटची चौकी जाते.

त्या ताईंना मी सांगितलं, ड्रेस कोरड्या टॉवेलात घट्ट दाबा, परत त्याच टबात फिरवा आणि रात्रभर पंख्याखाली टाका. सकाळी सहाला फोन. "वाळला हो भाऊ! पण इस्त्री करावी म्हणलं, तर लाईट गेली."