वाऱ्याकडे नक्की किती सरकलो?

तर मंडळी, थेट वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट जात नाही हे तुम्हाला माहितीये. चाळीस-पंचेचाळीस अंशात तिरकं जायचं, टॅक मारायचा, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवायचं, परत दुसऱ्या बाजूनं तिरकं. त्यामुळे स्पीड 6 नॉट (ताशी 6 सागरी मैल) दिसला म्हणून खुश होण्यात अर्थ नाही, त्यातलं वाऱ्याच्या दिशेनं पदरात किती पडलं ते बघायचं, तोच व्हीएमजी, म्हणजे व्हेलॉसिटी मेड गुड. गणित शाळेतलंच आहे, बोटीचा स्पीड गुणिले ट्रू विंड अँगलचा, म्हणजे बोटीची दिशा आणि खरा वारा यांच्यातल्या कोनाचा, कोसाईन. 6 नॉट आणि 45 अंश असेल तर साधारण 4.2 नॉट.

गंमत अशी की नेहमीच्या बोटीवर हा आकडा सरळ मोजणारं यंत्रच नसतं. तळाला एक छोटं पॅडलव्हील फिरतं, ते पाण्यातला स्पीड देतं, आणि डोलकाठीच्या टोकावरचा काटा नि फिरत्या वाट्या वाऱ्याची दिशा आणि जोर देतात, पण तो ॲपरंट वारा, म्हणजे आपल्याच स्पीडची भर पडलेला. त्यातून बोटीचा स्पीड वजा करून ट्रू वारा काढायचा आणि मग कोसाईन, म्हणजे पॅडलव्हीलची चूक दोनदा आत शिरते. समजा ॲपरंट वारा 18 नॉट, 28 अंशावर. बोट खरोखर 6 नॉटनी चाललीये तर ट्रू अँगल येतो 40.5 आणि व्हीएमजी 4.6 च्या जवळपास. पॅडलव्हीलला शेवाळ लागलंय, ते 5.4 च दाखवतंय, तर अँगल होतो 39 आणि व्हीएमजी 4.2, मग बघणाऱ्याला वाटतं की बोट वाऱ्याला छान भिडलीये पण मंद आहे, आणि तो नीट बसलेली शिडं उगाच ढिली करत बसतो.

पण खरी फसगत पुढेच आहे. सुकाणू धरणाऱ्याच्या समोर व्हीएमजीचा आकडा ठेवला की तो वाढवायचा मोह होतो. 45 अंशावरून बोट 35 वर वळवली तर काही सेकंद स्पीड तसाच राहतो, बोट जड असते ना, लगेच कुठे मंदावणार, आणि आकडा 4.2 वरून थेट 4.9! वा, काय जमलंय! मग शिडं फडफडायला लागतात, स्पीड साडेचारवर येतो, व्हीएमजी 3.7. आता स्पीड परत मिळवायचा तर वाऱ्यापासून दूर वळायलाच हवं, पण 50 वर गेलात की पहिल्यांदा आकडा आणखी खाली, 2.9. म्हणजे चुकीचं केलं तेव्हा शाबासकी आणि बरोबर केलं तेव्हा रट्टा. म्हणून हेल्मला, म्हणजे सुकाणूवाल्याला, टार्गेट स्पीड द्या, त्या वाऱ्याला आपल्या बोटीच्या पोलर चार्टमध्ये (कुठल्या वाऱ्यात, कुठल्या अँगलला बोट किती पळते त्याचा तक्ता) जो असेल तो, आणि व्हीएमजी मिनिटभराची सरासरी काढून दुसऱ्या कुणीतरी बघावा.

जीपीएसवाल्या प्लॉटरवरही व्हीएमजी लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा वाऱ्याकडचा नसतो, वेपॉइंटकडचा, म्हणजे नकाशावर ठरवलेल्या ठिकाणाकडचा असतो, वर पाण्याचा प्रवाह धरून. 45 अंशात चालणारी बोट टॅक मारायच्या जागेला पोचते तेव्हा मार्क, म्हणजे जिथं पोचायचं ती खूण, बरोबर काटकोनात असतो आणि तो आकडा शून्य दाखवतो, बोट मात्र झकास चाललेली असते. नवीन माणूस इथं हमखास घाबरतो.

मागून प्रश्न आलाय की सुरुवात कुठून करायची. पॅडलव्हील आधी साफ करा. मग प्रवाह नसेल अशा जागी एकाच रेषेत जाऊन-येऊन जीपीएसच्या सरासरीशी लॉग, म्हणजे पॅडलव्हीलवरचा स्पीड, जुळवा. त्यानंतर स्थिर वाऱ्यात टॅक मारा आणि ट्रू वाऱ्याची दिशा बघा. प्रत्येक टॅकला ती 6 अंश उडी मारत असेल तर वारा काही तुमच्या सोयीनं फिरत नाहीये, अँगलमध्ये तीनेक अंशांची चूक आहे. एका टॅकवर 40, दुसऱ्यावर 46, म्हणजे त्याच 6 नॉटला एकीकडे 4.6 आणि दुसरीकडे 4.2 दिसणार. डोलकाठीवर चढायची गरज नाही, ऑफसेट, म्हणजे तेवढ्या अंशांची दुरुस्ती, सेटिंगमध्ये टाकता येतो.