सील तोडायचं नाही : हिडकलच्या पाण्यावर मोटरबोटीची शर्यत

वरून दिसतंय ते हिडकलचं पाणी. घटप्रभेवरचं ५१ टीएमसीचं धरण, बेळगाव जिल्ह्यातला हुक्केरी तालुका. आणि तिकडं पाण्यातनं वर आलेलं ते हुन्नूरचं विठ्ठल मंदिर, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं आणि लोक गाड्या भरून बघायला येतात. विठोबाची माफी मागून आपण कॅमेरा जरा डावीकडं वळवूया, काठावर तीन बोटी आहेत, आजचा विषय त्याच.

आऊटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. त्याची रेस म्हटली की लोकांना टीव्हीवरचं आठवतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीला, म्हणजे विजयवाड्याजवळ, फॉर्म्युला वन पॉवरबोटींची रेस झाली होती, तीही कृष्णेतच. आपली घटप्रभा पुढं जाऊन कृष्णेलाच मिळते, म्हणजे पाण्याचं नातं आहे, पण त्या बोटींना अडीच लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ४०० एचपीच्या आसपास. ते आपण लांबून बघायचं.

इथं जे चाललंय त्याला स्टॉक क्लास म्हणतात. इंजिन कंपनीतनं जसं आलं तसंच पळवायचं. हे छोटं ९.९ एचपीचं, किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांना लावतात त्या साइजचं. सेकंडहँड बघितलं तर एका जुन्या बुलेटच्या पैशात बसतं, आणि तिघांनी मिळून घेतलं तर अजून कमी. ताकद वाढवायला म्हणून हेड घासायचं नाही, कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा नाही, पोर्टला फाईल लावायची नाही. हे बघा, बोल्टांतनं तार ओवून शिशाचं सील दाबलंय. सील तुटलेलं दिसलं की बोट बाद, मग ती कुणाच्या का पोराची असेना.

आपल्या भागात शर्यतीचं वेड कुणाला शिकवायला नको. घोडागाडी झाली, बैलगाडी झाली, आणि शेजारी सांगलीत कृष्णेत वल्ह्याच्या होड्यांच्या शर्यती होतात त्या बघायला तर घाटावर उभं राहायला जागा मिळत नाही. पण बैलजोडी लाखांच्या पुढं गेली आणि साधा शेतकरी काठावर उभा राहून शिट्ट्या मारायला लागला. मोटरबोटीत हे व्हायला एक सीझनपण लागणार नाही, म्हणून सील. जपानमध्ये १९५२ ला ओमुराला बोटरेस सुरू झाली, तिथं तर इंजिन स्वतःचं नसतंच, चिठ्ठी टाकून जे येईल ते घ्यायचं. सहा बोटी, तीन फेऱ्या, १८०० मीटर. तिथं त्यावर सरकारमान्य सट्टा चालतो, तो भाग आपल्याला नको, चिठ्ठी तेवढी घेऊ.

आता वर्कशॉप. बोट घरीच करायची, आणि मला विचाराल तर खरी मजा इथंच आहे. मरीन प्लाय घ्यायचा, म्हणजे पाण्यात टिकणारा, त्याच्या मानकाचा आयएस ७१० हा नंबर लिहिलेला, ६ मिलिमीटरचा. शीट येते ८ फुटी आणि बोट पाहिजे १० फुटी, मग सांधा आलाच. नुसती टोकाला टोक लावून चालत नाही, दोन्ही कडा रंधा मारून तिरक्या करायच्या आणि एकमेकींवर चिकटवायच्या, जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर. प्लायच्या थरांच्या रेघा कशा पट्ट्यासारख्या दिसायला लागल्यात बघा, त्या सरळ आल्या की समजायचं रंधा बरोबर चाललाय. मग तळ आणि बाजू तांब्याच्या तारेनं टाके मारून जोडायच्या, आतनं इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, भरायचं, वाळलं की तारा काढायच्या आणि वरनं फायबरची पट्टी. मेस्त्री आयुष्यभर दारं-खिडक्या केलेले, पहिल्यांदा म्हणाले, "खिळा न्हाई, स्क्रू न्हाई, हे ऱ्हातंय व्हय?" आता त्याच बोटीत उभं राहून बघतायत.

मग इंजिन बसवायचं. सेटिंगला हात लावायला परवानगी आहे, तिथंच डोकं चालवायचं. पंखा १० इंच पिचचा म्हणजे एका फेऱ्याला कागदावर १० इंच पुढं. इंजिन ५५०० आरपीएमला, गियरमध्ये साधारण निम्मं झालं म्हणजे पंखा पावणेतीन हजार, हिशेब केला की ताशी ४२ किलोमीटर येतात, पण पाणी निसटतं त्यामुळं खरा आकडा त्याच्या खालीच. आता हा पोरगा इंजिन थोडं वर उचलतोय, खालचा भाग पाण्यात कमी बुडला की ओढ कमी. फार उचललं तर पंखा हवा पितो, आवाज एकदम चढतो आणि बोट जागची हलत नाही. मागची ती पाण्याची पिचकारी बघत राहायची, ती बंद पडली म्हणजे कूलिंग बंद, लगेच इंजिन बंद करायचं.

हलका पोरगा आपोआप पुढं जातो, म्हणून चालक धरून बोटीचं कमीत कमी वजन ठरवलंय. कमी पडलं तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतनं आणलेले बिडाचे तुकडे तळाला घट्ट बोल्ट करायचे.

लाल गुंडाळीची ती दोरी किल स्विचची. एक टोक जॅकेटला, एक इंजिनला, माणूस पडला की इंजिन गप्प. दोरी, जॅकेट, हेल्मेट नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. अमेरिकेत ९ वर्षांची पोरं स्टॉक आऊटबोर्ड पळवतात, पण हे सगळं बांधूनच.

परवानगी लेखी घ्यायची, मासेमारांच्या जाळ्यांपासून लांब राहायचं, पेट्रोल-ऑइल पाण्यात सांडायचं नाही. आणि २०१९ ला, २०२१ ला चिकोडी-निपाणीकडं पूर आला तसा परत आला तर आऊटबोर्ड चालवता येणारी पोरं गावातच असतील, हेही आहेच.

चला, सुरू. उभं राहून सुटायचं नाही, घड्याळ शून्यावर येईल तेव्हा पळत्या बोटीनं रेषा ओलांडायची, आधी ओलांडली की बाद. गुडघ्यावर बसलेत, वळणावर अंग आत टाकतायत. आता मी गप्प बसतो, बघा.

पहिली आलेली बोट सरळ टेबलाजवळ. पंखा काढला, पिच मोजली, सील बघितलं, ठीक आहे. आता पोरांनी स्वतःच केलेला नियम. हरलेला मागेल तर पुढच्या फेरीला जिंकलेल्यानं इंजिन बदलून द्यायचं. तिसरा आलेला आधीच पाना घेऊन उभा आहे.

"काढ की रे इंजिन."

"घे, पर तुझ्यात पेट्रोल हाय काय बघ आदी, मगासारखं रिकामं दिऊ नकोस."