सही कर ना ताई

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने विचारलं, मॅडम, पोरी फायटर विमानं चालवायला लागल्या, आता फेमिनिझम कशाला हवाय? त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, उगाच खोडी काढायची म्हणून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात दोन तास जाऊन बस, नुसतं बघ.

काय दिसतं तिथे? वडील गेलेले असतात, सातबाऱ्यावर नावं लागायची असतात, आणि दोन-तीन बहिणींना जीपमध्ये घालून आणलेलं असतं, अंगावर नवी साडी, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. टायपिंगवाला हक्कसोडपत्र काढतो, ते वाचून कुणी दाखवत नाही, खुरपून खुरपून बोटं झिजलेली त्यामुळे मशीनवर अंगठा उमटत नाही, मग पदराला पुसून परत ठेवायचा, तिसऱ्यांदा ठेवायचा, फोटो काढायचा आणि बाहेर येऊन भावाच्या पैशाने मिसळ खायची. माझ्या दोन्ही आत्या अशाच आल्या होत्या. मोठी म्हणायची, जमीन घेतली की माहेर तुटतं गं. त्याच जमिनीतल्या उसावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, हे सांगितल्याशिवाय मला इथे उभं राहून बोलायचा अधिकार नाही.

बरं, कायदा नाही असंही नाही. वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला मुलाइतका वाटा हे महाराष्ट्राने १९९४ मध्येच केलं, केंद्राच्या ११ वर्षं आधी. पण मेख अशी की आधी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर, म्हणजे आमच्या आत्या बाहेर, त्यांना फक्त आजोबांच्या हिश्श्यातला तुकडा मिळाला असता, तोही सोडला. मग ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात देशभर बदल झाला, लग्नाची अट गेली, तरी वडील त्या तारखेला हयात होते का यावर कोर्टात वर्षानुवर्षं घोळ चालला, तो ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने मिटवला, हक्क जन्मापासूनचा म्हणून.

आणि तरीही सह्या चालूच आहेत. का, तर 'तुझ्या लग्नात खर्च केला की'. अहो, तो खर्च जेवणावळीत आणि सासरच्यांच्या मानपानात गेला, तिच्या हातात काय आलं? दुसरं ठेवणीतलं वाक्य, 'तुला दिली तर तुझा नवराच खाईल'. यात थोडं तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही, पण मग भावाला दिली तर कोण खातं?

बाबा गेले तेव्हा माझ्यासमोरही तोच कागद आला. सही कर ना ताई, फॉर्मॅलिटी आहे, भाऊ म्हणाला. मी केली नाही. भांडण वगैरे काही झालं नाही, फोन येतात, भाचीच्या बारशालाही गेले होते. फक्त दरवर्षी दिवाळीला 'कधी येतेस' विचारायचा, यंदा 'येणार आहेस का' विचारलं.

असो. तुमचे प्रश्न घेऊ. तो चहाच्या वेळी विचारणारा मुलगा गेला का?