कूलरच्या मागची भिंत

(सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका वाचनालयात पावसाळ्याच्या तोंडावर वाळवीबद्दल झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हा लाकडाचा तुकडा हातात घ्या, नीट बघा आणि शेजारी द्या. दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग आहे. वरून ऑइलपेंट अजून चकचकीत आहे. आता अंगठ्यानं दाबा. रंगाचा पापुद्रा तेवढा शिल्लक आहे, आत माती आणि कागदासारखे पातळ थर. ही माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातली चौकट. अक्का रोज तिच्यावरून ओला फडका फिरवायची, तरी तिला काही दिसलं नाही.

सागाला वाळवी लागत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, हे खरं. पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला ती सोडत नाही, आणि हल्ली चौकटीत तेच जास्त येतं.

अक्कानं आधी रॉकेल फिरवलं. मग एकाला बोलावलं; त्यानं चौकटीत चार भोकं पाडून औषध घातलं आणि पैसे घेऊन गेला. शेवटी नवी चौकट बसवली. दुसऱ्या उन्हाळ्यात तीही पोकळ! तेव्हा मी चौकट सोडून भिंत बघत गेलो. पलीकडच्या खोलीत कूलर होता. टाकीतून ठिबकणारं पाणी मार्चपासून जूनपर्यंत भिंतीच्या बुडाशी मुरत होतं.

आपल्याकडची ही वाळवी मातीत राहते, लाकडात नाही. तिची राणी जमिनीखाली, कित्येक वर्षं अंडी घालत बसलेली. कामकरी वाळवीचं अंग इतकं नाजूक की कोरड्या हवेत ती तग धरत नाही. म्हणून ती मातीची नळी बांधून तिच्या आतून ये-जा करते. आणि सोलापूरचा उन्हाळा कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत तिला ओल कुठं मिळते? आपल्या घरात. कूलरखाली, मोरीच्या मागं, आणि रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपांच्या बुडाशी. त्यातून आपली काळी माती. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते, पाया हलतो आणि शहाबादी फरशीचा भिंतीजवळचा सांधा उघडतो. वाळवीला तेवढी फट पुष्कळ झाली.

आमच्या घरी खड्डामाग होता, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग. त्याचे खांब थेट मातीत रोवलेले. वडील दर महिन्याला खांबाच्या बुडाशी टोच्या टोचून बघायचे. तुम्हीही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकट वाजवत खालून वर जा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज कानाला लगेच वेगळा कळतो. भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली तर सगळी पुसू नका. बोटभर फोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. ओल्या मातीनं सांधली असेल तर वाट चालू आहे.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारे पंखवाले किडे बाहेरून आले असतील तर घाबरू नका. खिडक्या बंद असताना आतल्या कट्ट्यावर गळलेल्या पंखांचा खच दिसला, तर मात्र घर तपासा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. वाळवीचे चारही पंख सारखे, कंबर जाड. फर्निचरखाली खसखशीसारखे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिचा इलाज त्या लाकडातच करावा लागतो.

मघाशी एका आजींनी विचारलं, मीठ किंवा कडुनिंबाचं तेल चालेल का? आजी, मेलीच तर ज्या वाळवीला ते लागेल तेवढी मरेल; जमिनीखालचं वारूळ तसंच राहील. औषध मातीत गेलं पाहिजे. राहत्या घरासाठी भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे: भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं आणि प्रत्येकात साधारण लिटरभर द्रावण. इंजेक्शनच्या सुईनं पाच मिनिटांत उरकणाऱ्याला परत पाठवा. डब्यावरचं नाव वाचा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध वाळवीला जाणवत नाही. ती त्यातून फिरते आणि अंगावरून इतरांपर्यंत नेते. त्यामुळे परिणामाला दिवस लागतात, धीर धरा. बोअर किंवा पाण्याचा हौद जवळ असेल तर आधी सांगा. त्या दिवशी लहान मुलांना घरात ठेवू नका. नवं घर बांधत असाल तर हे काम पायातच करून घ्या, ते सगळ्यात स्वस्त पडतं.

अक्काचा कूलर आता खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे, टाकीची नळी थेट गटारीत सोडली आहे. तिसरी चौकट चार वर्षं झाली, अजून भरीव वाजते.

आता एकच. तुमच्या मागं जे जुन्या पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकलेलं आहे, त्याच्या वरच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी मुरल्याचा डाग मला इथून दिसतोय. चहा नंतर घेऊ. चौघंजण या, ते पुढं ओढू.