लिपिड तेच, आकार वेगळा

[दृश्य: पेशीपटलाचं ॲनिमेशन]

पेशीपटल जेमतेम 4–5 नॅनोमीटर जाड. फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंचे (लिपिडचे) दोन थर: डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. हाच द्विस्तर. फॉस्फॅटिडिलकोलीन या फॉस्फोलिपिडचं डोकं शेपट्यांइतकंच रुंद, त्यामुळे ते सपाट थरात नीट बसतं. फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइनचं डोकं लहान, म्हणून रेणू शंकूसारखा. कार्डिओलिपिनला तर चार शेपट्या. त्यात कॅल्शियम आलं, की डोक्यांवरचा ऋणभार झाकला जातो, डोकी जवळ सरकतात आणि थर वळून नळ्या होतात. आत पाणी, त्याभोवती डोकी, बाहेर शेपट्या. या नळ्या षटकोनी रचनेत बसतात.

निरोगी पेशीत दोन पटलं एकजीव होताना अशी वळणं क्षणभर येतात आणि मोडतात. ती टिकली तर?

1990 मध्ये जॉइस राउच आणि अँड्र्यू जॅनॉफ या संशोधकांनी उंदरांना फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन टोचलं. षटकोनी रूपातल्या लिपिडमुळे ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांत आढळतात तशा गुणाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झाली. द्विस्तरातल्या त्याच लिपिडमुळे नाही. पुढे मेक्सिकोतल्या संशोधकांनी क्लोरप्रोमॅझिन, प्रोकेनामाइडसारख्या औषधांनी लिपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, अशा रचना घडवल्या. असे लिपोसोम टोचलेल्या उंदरांना ल्युपससारखा आजार झाला. प्रोकेनामाइडमुळे माणसांतही ल्युपस होतो, हे आधीच माहीत होतं. दोन्हींमागचं कारण एकच, असं मात्र यावरून ठरत नाही.

प्रतिपिंडं पटलाला चिकटली, की रक्तातली पूरक प्रथिनं (कॉम्प्लिमेंट) जागी होतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह पेटतो.

[दृश्य: रक्तचाचणी प्रयोगशाळा]

प्रयोगशाळेत हीच षटकोनी रचना कामाला येते. ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची प्रतिपिंडं शरीरात गुठळ्या करतात, पण नळीत रक्त गोठायला उशीर लावतात. म्हणून रुग्णाच्या प्लाझ्माचे (रक्तातल्या पेशीविरहित द्रवाचे) दोन भाग करतात. एकात षटकोनी लिपिड, दुसऱ्यात नुसतं बफर. प्रतिपिंडं लिपिडला अडकली, की पहिला भाग लवकर गोठतो. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, बऱ्याच ठिकाणी ती 8 सेकंदांची असते, तर चाचणी पॉझिटिव्ह.

चूक बहुधा नमुन्यातच होते. 3.2 टक्के सायट्रेटच्या नळीत 9 भाग रक्त, 1 भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) हवं. सेंट्रिफ्यूज दोनदा करायचं, म्हणजे नमुना वेगानं फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या, तर गोठवून वितळवताना त्या फुटतात, त्यांचं लिपिड प्रतिपिंडं शोषून घेतं आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. रक्त गोठू न देणारं हेपरिन हे औषध चालू असेल, तर तेही कळवावं लागतं.

एका पॉझिटिव्ह निकालावर गुठळ्यांच्या या आजाराचं निदान करत नाहीत. संसर्गानंतर अशी प्रतिपिंडं काही काळ दिसतात, म्हणून किमान 12 आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.