‘ध’चा ‘मा’ आणि ‘जी’चा ‘सी’

(दृश्य: सकाळ. नाशिकचा गंगापूर रोड. आनंदवलीतून गोदावरीकडे उतरणारी वाट. नवश्या गणपतीच्या देवळातली घंटा ऐकू येते.)

आनंदवली. आज इथे माणसं येतात ती बहुधा फ्लॅटचे दर विचारायला. एके काळी इथे राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुक्काम असायचा. आणि आनंदीबाई म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून. हुकमात होतं ‘धरावे’, त्याचं केलं ‘मारावे’, आणि ते करणारा हात आनंदीबाईंचा, असं सांगतात. आख्यायिकाच ती. खरं-खोटं इतिहासकारांवर सोडू. पण ‘ध’चा ‘मा’ भाषेत राहिला तो राहिलाच.

आजची गोष्टही अशीच, एका अक्षराची. फक्त हा हुकूम शाईने लिहिलेला नाही.

(दृश्य: पडद्यावर चार अक्षरं एकामागून एक उमटतात. ए. टी. जी. सी.)

डीएनएची बाराखडी इवलीशी. अक्षरं चारच. पण आईकडून मिळालेला एक संच उलगडून मोजला तर ती भरतात सुमारे ३०० कोटी, आणि तेवढीच बापाकडून. ही अक्षरं क्रमाने वाचायची, याला म्हणतात सिक्वेन्सिंग.

१९७७ साली फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने एका विषाणूचा अख्खा डीएनए वाचला. साडेपाच हजारही अक्षरं नव्हती. माणसाचा डीएनए वाचायला १९९० मध्ये घेतला. २००३ मध्ये काम फत्ते झाल्याचं जाहीर झालं. खरं तर ते झालं नव्हतं. अवघड जागचे तुकडे तसेच राहिले होते, ते भरायला २०२२ उजाडलं. आता एका माणसाचा डीएनए मशीन एक-दोन दिवसांत वाचून देतं.

मात्र हे मशीन पोथी वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचत नाही. बहुतेक मशिनं शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात, असे कोट्यवधी तुकडे, सगळे एकाच वेळी. मग ते जोडायचे कसे? सहलीच्या बसमधल्या गाण्याच्या भेंड्या आठवा. एकाचं गाणं जिथे संपलं, तिथून दुसऱ्याचं सुरू. भेंड्यांना एक अक्षर जुळलं तरी चालतं, इथे सलग कितीतरी जुळावी लागतात. एकदा अशी एक प्रत तयार झाली की पुढच्या माणसाचं काम सोपं होतं. तुकडा प्रतीत कुठे बसतो ते बघायचं, आणि जिथे अक्षर वेगळं निघेल तिथे बोट ठेवायचं. अक्षरं वाचून काही कळत नाही. ताडून बघितली की कळायला लागतं.

(दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबाग, फुलोऱ्यातली. रात्री पाऊस झालेला. वेलींच्या ओळींत चिखल.)

फळासाठी करतात त्या गोडी छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि नेमका पाऊस लागला. बागायतदार सकाळी सहापासून ओळींमधून हिंडतोय. एक पान हातात घेतो. वरच्या बाजूला पिवळट, तेलकट डाग. पान उलटं करतो.

(दृश्य: पानाची खालची बाजू, अगदी जवळून.)

डागाच्या बरोबर खाली पांढरी लव. कापूस पिंजून चिकटवल्यासारखी.

“डावणी,” तो म्हणतो. “आता फवारणीचा ब्लोअर थांबत नाही बघा.”

डावणी म्हणजे द्राक्षावरचा डाऊनी मिल्ड्यू रोग. तिला आपण बुरशी म्हणतो. नात्याने ती खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शेवाळाला जवळची निघाली, पण तो वाद बागेत कुणाला ऐकायला वेळ नसतो. बागेतला प्रश्न एकच: औषध लागू का पडत नाही?

१९९०च्या दशकात स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं बाजारात आली. ॲझॉक्सिस्ट्रोबिन त्यातलंच. डावणीच्या पेशीत ऊर्जा तयार करणारं एक प्रथिन असतं, त्यालाच हे औषध धरतं आणि तिचा जणू श्वास कोंडतो. काही वर्षं बरी गेली. मग युरोपातल्या बागांमध्ये औषध चालेनासं झालं. त्या प्रथिनाचं जनुक, म्हणजे ते घडवण्याची डीएनएतली कृती, वाचून जुन्या प्रतीशी ताडलं तेव्हा चोर सापडला. डीएनएमध्ये तीन अक्षरांचा एक शब्द असतो. या जनुकातला १४३वा शब्द होता जीजीटी. न मरणाऱ्या डावणीत तो झाला होता जीसीटी. एका ‘जी’चा ‘सी’, आणि औषधाचा हात निसटला. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतही हा बदल सापडलेला आहे.

हे कळल्याचा बागेत उपयोग काय? एवढा, की मात्रा वाढवून पैसे वाया जात नाहीत. या बदलापुढे दीडपट डोसही तितकाच बिनकामाचा. औषधाचा गटच बदलावा लागतो. आणि डब्यावरचं नाव नवं असलं तरी आतला गट जुनाच असू शकतो, तेवढं लेबल उलटून बघावं.

(दृश्य: तीच बाग, फेब्रुवारी. घड उतरवणं चालू. क्रेट, कागद, कात्र्यांचा आवाज.)

आता याच बागेतला दुसरा एक बदल, नाशिकला पावलेला. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा एक मणी उभा चिरू. बिनबियांचा म्हणून आपण तो विकतो आणि खातो. पण नीट बघा.

(दृश्य: चिरलेला मणी. सुईच्या टोकाने दाखवलेला पांढुरका कण.)

तिळाहून बारीक, मऊ, दाताखाली कळतही नाही असा हा कण. बी धरायला लागलं होतं, वाढता वाढता मध्येच थांबलं. का थांबलं? द्राक्षाच्या वेलीचा डीएनए २००७ मध्ये पहिल्यांदा वाचला गेला. पुढे २०१८ मध्ये बी असलेल्या आणि नसलेल्या जाती ताडताना संशोधक बी घडवणाऱ्या एका जनुकापाशी येऊन पोचले. तिथे एक अक्षर बदललेलं. त्यामुळे प्रथिनात एका विटेच्या, म्हणजे अमिनो आम्लाच्या, जागी दुसरीच बसली आणि बियांचं कवच धरेना. हा बदल सुलतानिना नावाच्या जुन्या जातीतून आलेला. आपली थॉमसन म्हणजे तीच. सोनाका, तास-ए-गणेश या तिच्यातूनच निवडलेल्या. पिंपळगावपासून रॉटरडॅमपर्यंत कंटेनर जातात ते या एका चुकीच्या जोरावर. नवी जात काढणाऱ्याला आता रोपाला घड लागेपर्यंत तीन वर्षं वाट बघायची गरज नाही. रोप वीतभर असतानाच पानाचा तुकडा तपासायचा, ते अक्षर नसेल तर रोप बाजूला काढायचं.

(दृश्य: सरकारी दवाखान्याबाहेरची रांग. तोंडावर रुमाल धरलेला एक तरुण.)

डावणीचीच गोष्ट क्षयाच्या जंतूची. त्याचा ४४ लाख अक्षरांचा डीएनए १९९८ मध्ये वाचला गेला. रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध. ते निकामी करणारे बहुतेक बदल एकाच जनुकातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतात, आणि त्यात सगळ्यात जास्त आढळणारा बदल म्हणजे टीसीजीचा टीटीजी. प्रयोगशाळेत जंतू वाढवून, त्यावर औषध घालून बघायचं तर आठवडेच्या आठवडे जातात. अक्षर बघितलं की लवकर कळतं, आणि पूर्ण डीएनए वाचला तर बाकीच्या औषधांचाही निकाल एकदमच लागतो. मधल्या आठवड्यांत लागू न पडणाऱ्या गोळ्या खात तो तरुण घरात खोकत राहत नाही.

(दृश्य: रामकुंड. पायऱ्यांवर ओले कपडे, दिव्यांचे द्रोण.)

रामकुंडावर अक्षरं वेगळ्या कामाला आली. २०१५च्या सिंहस्थात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी गोदावरीच्या पाण्याचे नमुने घेतले. पाण्यातले बहुतेक जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे जुन्या पद्धतीत ते मोजलेही जात नव्हते. इथे जंतू वाढवायचाच नसतो. पाणी गाळायचं, राहिलेल्या गाळातून डीएनए काढायचा आणि सगळ्या जिवाणूंमध्ये असलेलं एकच जनुक वाचायचं. नाव सोळा-एस. प्रत्येक जातीत त्याचं शुद्धलेखन जरासं निराळं, त्यामुळे हजेरी आपोआप लागते. स्नानाच्या काळात जिवाणूंची गर्दी वाढली आणि त्यांच्यातली विविधता घटली, असं त्या हजेरीत दिसलं. एक मेख मात्र लक्षात ठेवायला हवी. मेलेल्या जंतूचा डीएनएही वाचला जातो. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे पोरगं वर्गात आहेच, असं नाही. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, २०२७चं मुख्य स्नान. हीच हजेरी तेव्हा पुन्हा घेतली तर ताडायला एक जुना पट हाताशी आहे.

(दृश्य: दिंडोरी, वणी मागे पडतात. घाट. सुरगाणा तालुक्यातला एक पाडा. आरोग्य उपकेंद्र.)

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक. नाशिक जिल्ह्याचा हा आदिवासी पट्टा. इथला एक आजार एका अक्षराचा आहे. सिकलसेल.

हिमोग्लोबिनच्या एका जनुकात, ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, जीएजी हवं तिथे जीटीजी. एका ‘ए’चा ‘टी’. प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळतात. गोल, लवचीक लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हाडांत, पोटात, छातीत जीवघेणी कळ. चूक एकाच पालकाकडून आली तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणून तर ही चूक पुसली न जाता पिढ्यान्‌पिढ्या टिकली. दोन्हीकडून आली की आजार.

(दृश्य: उपकेंद्रातलं टेबल. नर्स लहान मुलाच्या बोटातून थेंब घेते. नळीतलं द्रावण.)

१ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. ती सुरू होते ती या नळीपासून. नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद. द्रावणातून रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढच्या तपासणीला जातो, तिथे ठरतं वाहक की रुग्ण. यात सिक्वेन्सिंग कुठे आलं? कुठेच नाही. कोणतं अक्षर बिघडलंय हे ठाऊक असताना ३०० कोटी अक्षरं वाचत बसणं म्हणजे निव्वळ हौस.

वाचावं लागतं ते गाडी अडते तिथे. एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया, हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार, आला तर साध्या तपासण्या गोंधळतात. थॅलेसेमियाची चूक एकाच ठरावीक अक्षरात नसते, तिच्या शेकडो तऱ्हा आहेत. तेव्हा ते जनुक अक्षरन्‌अक्षर वाचावं लागतं. आणखी एक कोडं म्हणजे तेच ‘ए’चं ‘टी’ असून एक मूल दर महिन्याला दवाखान्यात, आणि दुसरं ढोराबरोबर डोंगर चढतं. असं का? गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते जवळपास बंद होतं. काहींच्यात ते चालू राहतं आणि आजार सौम्य होतो. २००८च्या सुमाराला पुष्कळ लोकांचे डीएनए ताडताना ते बंद करणारा खटका सापडला, बीसीएल-११-ए हे जनुक. त्याच खटक्याला हात घालणाऱ्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर.

उपकेंद्राच्या कपाटात आहेत फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि हायड्रॉक्सियुरिया. हायड्रॉक्सियुरियाही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. नियमाने घेतली तर कळा कमी होतात.

जगातल्या डीएनएच्या साठ्यात अजूनही युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने आपल्या ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचा डीएनए वाचला, आणि ९ जानेवारी २०२५ला तो साठा संशोधकांना खुला झाला. डोंगर चढणाऱ्या त्या पोराचं कोडं सोडवायला ताडायची प्रत निदान आपल्याकडची असेल.

(दृश्य: नळी जवळून. द्रावण हळूहळू गढूळ होतं. मागच्या रेघा एकेक करून नाहीशा होतात.)

नर्स नळी उजेडाकडे धरून पुन्हा एकदा बघते. वहीत नाव लिहिते. मग दाराशी बसलेल्या बाईकडे वळते.

“ताई, याची भावंडं किती? उद्या सगळ्यांना घेऊन ये. बापालाही.”